इंगोले सरांची उणे ढेप

इंगोले सर वर्गात कोणालाही नावाने हाक मारत नसत. "आडवी तिसरी, उभी चौथी, ऊठ!" म्हटलं की तिसऱ्या बाकावरचा चौथा मुलगा उभा राही. पहिल्या दिवशी ठरलेली जागा वर्षभर कायम. एकदा एकजण मित्राशेजारी जाऊन बसला, तर सरांनी त्याची गैरहजेरी मांडली. पोरगं कळवळून म्हणालं, "सर, मी आहे ना!"

"तू असशील," सर म्हणाले, "पण तुह्या जागेवर तू नाई. गणितात त्याले नसणंच म्हणतात."

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात सर गणिताचे मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलेला, साताऱ्याकडचा. सर मूर्तिजापूरकडच्या शेतकरी घरातले. वर कोट, खाली धोतर आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना आडव्या-उभ्या ओळींत लागे. लग्नाच्या पंगतीत पाट वाकडे दिसले की जेवणाऱ्यांना उठवून ते सरळ करत. राजापेठेतली भाजीवाली तर सरांना लांबून पाहताच वांगी रांगेत लावायला घेई. "ओळ सुटली का अक्कल सुटली," असं ते तिलाही ऐकवत.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्यापासून सर घरी एकटेच होते. त्याबद्दल ते बोलत नसत, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

त्या वर्षी अकोल्याला मॅट्रिक्सच्या, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत आकडे मांडायच्या पद्धतीच्या, व्यवहारातल्या उपयोगांवर प्राध्यापकांची परिषद भरली. आमच्या शिपायाला वाटलं, ही मॅट्रिक झालेल्यांची सभा. "सर, तुमी तं एमए. तुमाले काहून बोलावलं?" असं तो विचारून बसला. सरांनी त्याला फळ्यासमोर उभं करून मॅट्रिक्स शिकवली. तेव्हापासून तो सरांच्या टेबलावर पाणी ठेवून पळत सुटे.

परिषदेत कोणी पुलांवर निबंध वाचला, कोणी विजेच्या जाळ्यांवर. सरांचा विषय होता, 'दुभत्या गाईचा आहार'. अज्ञात राशी तीन: कडबा, सरकी आणि ढेप, म्हणजे आमच्या साताऱ्याकडची पेंड. धोतराचा सोगा सावरत, खडूची धूळ उडवत सरांनी फळाभर गणित मांडलं. कडबा निघाला. सरकी निघाली. ढेप निघाली उणे एक शेर.

पुण्याचे एक प्राध्यापक उठले. "म्हणजे ढेप आपण गाईला घालायची, की गाईने आपल्याला?"

सगळं सभागृह खदखदलं. अध्यक्षांनी हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला, तर त्यांना ठसकाच लागला. सर मात्र शांत. "उत्तर बरोबर आहे जी. गाय चुकून राहिली." पुन्हा हशा. मग फळ्याकडेच पाहत ते म्हणाले, "मंग तुमीच सांगा. गाईनं खाणंच सोडलं, तं कोणतं समीकरण मांडाव?"

विनोदाचा कळस झाला असं समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. सर हसले नाहीत. खडू ठेवून खाली आले.

संध्याकाळी मेजवानी होती. सर दुपारीच निघाले. "मले दिवस मावळाच्या आत घरी जावा लागते." मला वाटलं, अपमान झोंबला. त्यांना एकटं जाऊ द्यायला मन होईना, म्हणून मीही गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेलं. शेवटी धीर करून मी म्हणालो, "सर, त्या पुणेकरांचं मनावर घेऊ नका."

"कोणाचं?" सरांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

घरी पोचल्यावर ते थेट परसात गेले. तिथे एक तांबडी गाय बांधलेली होती. बरगड्या वर आलेल्या, पुढ्यातला चारा तसाच पडलेला. सरांनी खुंटीवरचं हिरवं लुगडं काढलं, कोटावरूनच अंगाला गुंडाळलं आणि डोक्यावर पदर घेतला. मला हसू फुटणारच होतं. तेवढ्यात सर गाईपुढे उकिडवे बसले आणि त्यांनी भिजवलेल्या सरकीचा घास पुढे केला. गाईने पदराला नाक लावलं, कितीतरी वेळ हुंगलं आणि खाऊ लागली.

"हिच्या मालकिणीच्या माहेरची हे," सर म्हणाले. "तिच्याच हातचं खाये. मी दिलं तं तोंड फिरवते. हे पांघरलं का खाते."

मी सरकीची पाटी त्यांच्या हाताशी सरकवली.

"धुतलं नाई मी हे, जोशी. पण वास कमी होऊन राहिला. आधी पाटीभर खाये, आता चार घास." गाईच्या गळ्याखालून हात फिरवत ते म्हणाले, "वास सरला का मंग हिले काय चारू, तेच काढून पाहत होतो."

गाईने मध्येच खाणं थांबवून मान वळवली. सरांनी पदर आणखी पुढे ओढला आणि नवा घास तिच्या तोंडाशी धरला.