इनास सरांची सुई

ओळख झाली की इनास सर आधी माणसाची बोटं बघत. "सुई धरता येईल का तुम्हाला?" मला त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केलं. तरी पापडी गावात आमचं बिऱ्हाड त्यांच्याच माडीवर असल्यामुळे शेजार टिकला.

धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर कसे पडतात, यावर त्यांनी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत हयात घालवली. आपल्याकडे हे काम त्यांनीच प्रथम सुरू केलं, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. सर मात्र चर्चचं उदाहरण देत. रविवारची मिस्सा-प्रार्थना लांबली, उकडायला लागलं, की लोक दारातून सटकतात. तापलेल्या धातूचं तसंच. "पण मी उकडू देत नाही, सावंत. भिंतच इतकी पातळ करतो, की ते भिंतीतून जातात." हे त्यांनी फादरनाही ऐकवलं होतं. पुढच्या रविवारी फादरनी प्रवचन आटोपतं घेतलं.

निवृत्तीनंतर त्यांनी पडवीतच प्रयोग मांडला. काचेचा फुगा, त्यात इलेक्ट्रॉन सोडणारी केसाहून बारीक टोकाची सुई, त्यांचा प्रवाह मोजणारं मीटर, आणि आतली हवा ओढणारा पंप. सात महिने तो घरघरत होता. आत जराशी हवा शिरली तरी सुईचं टोक बिघडे, म्हणून वीज गेली की सर भरल्या ताटावरून उठून झडप बंद करायला धावत.

अशात त्यांच्या पत्नीच्या, फिलूबाईंच्या, छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली. रिपोर्टची वाट बघण्याच्या त्या आठ दिवसांत सरांच्या वहीत रोज एकच आकडा होता. मीटरकडे ते बघतच नव्हते.

रिपोर्ट आणायला मी त्यांना स्कूटरवरून नेलं. गाठ साधी होती. डॉक्टरांना सरांनी विचारलं, चूक होण्याची शक्यता किती? दोघांनी वेगवेगळं तपासलंय, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. बाहेर येऊन सर दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरवर जाऊन बसले.

घरी आलो तर पडवीलगतच्या खोलीत फिलूबाई कानावर उशी घेऊन पडल्या होत्या. सरांनी रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी कपाळ, छाती, खांदे करत क्रूस केला. सर थोडा वेळ त्या उशीकडे बघत राहिले. मग पडवीत येऊन त्यांनी पंप बंद केला.

"सर, सुई जाईल," मी म्हणालो.

"दुसरी करू. सात महिने हिला धड झोप नाही, सावंत. आणि मला ही घरघर ऐकूच आली नाही."

तासाभराने मी निघालो, तेव्हा आतून फिलूबाईंचं बारीक घोरणं येत होतं. सर उंबऱ्यावर बसून ते ऐकत होते. त्यांनी मला खूण केली: चपला हातात घ्या.