नाना मोहित्यांची थोरली

नाना मोहित्यांची थोरली मोटार बंद पडली, की धाकटी तिला दोर बांधून ओढत नसे, मागून ढकलत असे. ओढायचं म्हणजे धाकटीला पुढे जावं लागणार, आणि ते नानांना मंजूर नव्हतं. त्यामुळे धाकटीचं नाक कायम चेपलेलं आणि थोरलीच्या पाठीला कायम पोचे. थोरलीच्या चाकावर बाप, धाकटीच्या चाकावर लेक, अशी ती वरात देवासहून निघायची आणि रडतखडत धारला माझ्या दारात यायची. आणि ही मंडळी शर्यतीला निघालेली असायची, बरं का!

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी धारच्या शाळेत मास्तर. अक्का गेल्यापासून देवासच्या त्या घरात नाना आणि वसंता, एवढी दोनच माणसं. कुणी पाव्हणा आला तर चहा कुणी करायचा यावर बापलेकांत वाद व्हायचा, आणि शेवटी पाव्हणाच उठून चहा करायचा. तो पाव्हणा बहुतेक मीच असे.

आता देवास हे गावच तसं. गाव एक, गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. टेकडीवरच्या देवीसुद्धा एक थोरली, एक धाकटी. नानांची उमर तिथल्या मोटारखान्यात गेली. कुठल्या स्वारीपुढे कुठली गाडी, वाट कुणी कुणाला द्यायची, यावरून तिथे म्हणे माणसं अन्न सोडत. पुढे संस्थानं विलीन झाली, मोटारखान्याला कुलूप लागलं, आणि भंगारात निघालेल्या दोन गाड्या नानांनी घरी आणल्या. एक शिकारीची लांबलचक, म्हशीच्या चालीची. ती थोरली. दुसरी दोन माणसांपुरती, चपळ. ती धाकटी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. तेल आधी थोरलीला. दसऱ्याचा हार आधी थोरलीला. एका दसऱ्याला थोरली उन्हं डोक्यावर आली तरी सुरू होईना, तर धाकटी बिचारी हळदकुंकवाविना गल्लीत ताटकळत उभी.

इंदूरचा एक मोटार क्लब हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या माळावर शर्यती भरवायचा. नानांनी फळीवर रंगाऱ्याकडून ‘मोहिते रेसिंग टीम’ असं लिहून घेतलं आणि टीम झाली. मालक नाना, मेकॅनिक नाना, ड्रायव्हर नाना आणि वसंता. पाण्याचा डबा घेऊन धावणारा मी. धाकटीत जीव होता, आणि वसंताच्या हातात त्याहून अधिक. पण निशाण पडलं की थोरली पुढे आणि धाकटी मागे. बाकीच्या गाड्या भर्रकन निघून जात. धुरळा खाली बसला की आमच्या दोन गाड्या एकीमागे एक, सावकाश येताना दिसत. लोक ओरडत, ‘‘अरे भिया, ये रेस है के बारात?’’

मला शरम वाटायची. मी म्हणायचो, नाना, पोराला एकदा तरी जाऊ द्या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, ‘‘मास्तर, पायरी म्हणून काही आहे की नाही?’’ शर्यतीत कसली आलीय पायरी, असं विचारलं तर ते माझ्याकडे असे बघत, जसा काही मी सोवळ्यातल्या माणसाकडे चहा मागितला.

बरं, वसंताही त्यांचाच. चांगला मिसरूड फुटलेला बाप्या, पण वडिलांना ओलांडून घासही उचलणार नाही. मी त्याला एकदा पढवलं, की अरे, वळणावर घाल पुढे, म्हातारा काय करील? तो म्हणाला, मामा, असं बोलू नका. झालं! दोघांच्या मध्ये मीच मूर्ख.

शेवटची शर्यत धारजवळ, तिरल्याच्या अंगाला माळावर होती. मुंबईचे एक शेठ आले होते. त्यांच्या पदरी शर्यतीच्या गाड्या होत्या आणि त्यांना ड्रायव्हर हवा होता. शर्यतीत कुणी डोळ्यांत भरला, तर त्याच संध्याकाळी बरोबर घेऊन जाणार, असं ते बोलून बसले होते. वसंता रात्रभर जागा होता. मुंबईला जायचं त्याच्या फार मनात होतं, पण बापाजवळ बोलायची छाती नव्हती. सकाळी ते मीच नानांच्या कानावर घातलं. नानांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि थोरलीच्या काचा पुसत बसले. मला वाटलं, खलास. म्हातारा एकुलत्या एका पोराला काही सोडत नाही.

निशाण पडलं. नेहमीप्रमाणे थोरली पुढे, धाकटी मागे. दहा फेऱ्यांपैकी पहिला फेरा तसाच गेला. शेठ दुसरीकडे बघायला लागले. माझा इतका संताप झाला, की हातातला डबा फेकून घरी जावं असं वाटलं. दुसऱ्या फेऱ्यात, वळणावर, थोरली एकदम रस्ता सोडून गवतात शिरली आणि बंद पडली. पाठोपाठ धाकटीचा वेग कमी झाला. वसंता थांबायलाच निघाला होता. तेवढ्यात नाना गाडीत ताडकन उभे राहिले आणि मुठी हलवत ओरडले, ‘‘थांबलास तर तंगडी मोडीन! जा!’’

आणि पोरगा गेला. अहो, काय गेला! पहिला नाही आला, दुसरा आला. पण शेठ खुर्चीवरून उठून त्याच्याकडे चालत गेले. वसंता वडिलांना सांगायला धावत आला, तर नाना थोरलीच्या पोटाखाली शिरलेले. इंजिन बसलंय, मला वेळ नाही, नीट जा, पत्र टाक, एवढं ते खालूनच बोलले. वसंता त्यांच्या पायांना, म्हणजे बाहेर दिसत होते तेवढ्या वहाणांना, हात लावून शेठच्या गाडीत जाऊन बसला.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, नाना, आता बैल बघू या, हिला धारपर्यंत ओढायला. ते बाहेर आले, हात पुसले, चाकावर बसले आणि थोरली पहिल्याच फटक्यात सुरू केली.

‘‘मी पुढे असतो, तर तो जन्मात गेला नसता, मास्तर,’’ नाना म्हणाले. मग इंजिन तसंच चालू ठेवून ते रडायला लागले. अक्का गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, ‘‘देवासला पोचलो, की हाक कुणाला मारू, तेवढं सांगा.’’

मी धाकटी तिथल्याच एका ओळखीच्याच्या खळ्यात लावली, शाळेला दांडी मारायचं ठरवलं, आणि नानांच्या शेजारी जाऊन बसलो.