आकारामचा सिग्नल

"मास्तर, हात पडला!"

धुळानं हे येऊन सांगितलं तेव्हा स्टेशनमास्तर जेवत होते. भर दुपारची वेळ. वडजाई रोड स्टेशनात त्या वेळी कुठलीच गाडी नव्हती. सिग्नलचा हात आडवा असला की थांबा आणि पडला की या, हे तिथल्या रांगत्या पोरालाही कळायचं, कारण ते गावच मुळी रेल्वेनं वसवलेलं. इंजिनाला पाणी लागतं म्हणून टाकी, टाकीला माणसं लागतात म्हणून चाळ, माणसांना चहा लागतो म्हणून नानासोचं हॉटेल. एवढं सगळं झाल्यावर मसणवटही होतीच. तिचं उद्घाटन शिमग्याला पॉइंटमन आकारामनं केलं. त्याच्या जागी धुळा आला होता. नोकरी अजून कच्ची होती.

"दांडा तू ओढलास?"

"न्हाई जी. दांडा उभाच्या उभा हाय. हात आपसूक पडला."

मास्तर उष्ट्या हातानं बाहेर आले. रूळ उन्हात थरथरत होते. कावळे गप्प. लांब टाकीपलीकडे सिग्नलचा हात खाली लोंबत होता, थकलेल्या माणसाच्या हातासारखा. दोघं बघत असतानाच तो कुरकुरत वर गेला.

मास्तरांनी विचार केला. लढाईचे दिवस. तोडफोड म्हणावं तर पोलीस येणार, पोलीस आले की मास्तर जाणार. भुताची मात्र सरकारात चौकशी होत नाही.

"आकाराम असेल," ते म्हणाले आणि ताटावर जाऊन बसले.

खरं कारण टाकीमागं होतं आणि ते रवंथ करत होतं. दुष्काळात कवठे महांकाळकडचं मेंढरांचं सगळं खांड विकून धुळा नोकरीला आला, तेव्हा एक एडका तेवढा मागं राहिला होता. हरणाबाईनं, म्हणजे धुळाच्या बायकोनं, बोटानं दूध चाटवून जगवलेला. नाव फौजदार. चाळीत जनावर ठेवायला बंदी. सावली काय ती टाकीची. आणि टाकीमागून स्टेशनापासून सिग्नलपर्यंत जमिनीलगत एक तार गेलेली. धुळाच्या सात पिढ्या धनगर. मैलभर दावण घातलेली आणि तिला एकही जनावर नाही, हे त्याला सरकारचं नुकसान वाटलं. त्यानं फौजदार तारेला बांधला. दांडा ओढला की तीच तार ताणून हात पाडते, हे त्याला शिकवलं होतं. पण दावण ती दावण.

दुसऱ्या दिवशी आकारामची विधवा भामाबाई भाजी-भाकरीचं ताट घेऊन निघाली. आकाराम दुपारी टाकीच्या कोपऱ्यावरच्या धोंड्यावर बसून जेवायचा. तिनं तिथं ताट ठेवलं आणि मागं न बघता परतली. मेलेल्याचा निवद ठेवला की मागं बघायचं नाही, ही रीत.

टाकीआडून फौजदाराला वास आला. त्यानं मान ताणली. दावं ताणलं. तार ताणली.

भामाबाई फलाटावर पोचून वळली तेव्हा हात पडलेला आणि ताट चाटूनपुसून लख्ख.

"जेवलं गं बाई," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

तिसऱ्या दिवशी अख्खी चाळ ताटं घेऊन लोटली. कुणी धपाटी ठेवली, कुणी पिठलं. हात असा पडला की वर जाईचना. आता मात्र मास्तर घाबरले. दुपारची मालगाडी पुढच्या स्टेशनातून सुटायची होती. "धुळा, तार बघून ये," ते म्हणाले.

धुळा मारुतीचं नाव घेत टाकीमागं गेला. तिथं फौजदार मान लांब करून उभा, नाकाला पिठलं.

धुळाला आधी हसू आलं. मग घाम आला. हे कळलं तर नोकरी गेली. त्यानं घाईघाईनं दावं सोडलं, एडका उचलला आणि गुपचूप चाळीकडं न्यावा म्हणून कोपरा वळला.

समोर सगळं गाव उभं.

"बघा, बघा!" नानासो ओरडला. "मी सकाळपास्नं म्हनतोय, आकारामचं भाजीवर भागणार न्हाई. त्याला बकरं पायजे. धुळानं न सांगता आनलं की रं! गड्या, मन मोठं हाय तुजं."

"आवं, पर ह्यो..."

"सुरी आना रं कुनीतरी!"

गर्दीत हरणाबाई उभी होती. नुसती बघत राहिली. धुळाचे हात एडक्याभोवती आवळले.

"मास्तर," तो म्हणाला, "आकाराम-बिकाराम कोन न्हाई. तारंला ह्यो बांधला हुता. मी बांधला. हात ह्योच पाडतुया. नोकरी घ्या माजी, पर ह्याला सोडा."

मास्तरांनी एडक्याकडे पाहिलं. धुळाच्या काखेत होता तो, दावं मोकळं लोंबत होतं. तार लांब, सैल पडलेली. जवळपास कुणी नव्हतं.

खट्ट.

हात पडला.

वाऱ्याची झुळूकही नव्हती. कुणाच्या तरी हातातली सुरी खडीवर पडली.

पहिला कंठ मास्तरांना फुटला, कारण नियम त्यांना पाठ होता. "सिग्नल पडला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लाइन क्लिअर. जनावराला जाऊ द्या."

रेल्वेच्या गावात याच्यापुढं अपील नव्हतं. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. धुळा मधून एडका घेऊन गेला, गाडी जावी तसा. मागं हात कुरकुरत वर गेला.

"आणि तुझं ते तारेचं," मास्तर जाताजाता म्हणाले, "परत बोलू नकोस. माणूस घाबरला की काहीही बरळतो."

संध्याकाळी धुळा भामाबाईच्या दारात गेला. "आत्ती, लय उपकार झालं. तार तुमीच वढली न्हवं?"

"मी? मी तर तुज्या बायकूचा हात धरून हुबी हुती." भामाबाईनं दिव्याची वात सारली. "आन् मला इचारलं का कुनी? ते माळकरी हुतं रं. उभ्या जन्मात मटणाला शिवलं न्हाईत. बकऱ्याचं नाव काढल्यावर हात आपटनारच की."

तेव्हापासून फौजदार चाळीच्या दारात उघड बांधलेला असतो. त्याला मास्तरही काही म्हणत नाहीत. दुपारी धुळा धोंड्यावर ताट ठेवतो आणि मागं न बघता परततो.

ताट रोज लख्ख होतं. फौजदार मात्र वाळत चाललाय.