गोडबोलेकाकांची चेस्टनट-परीक्षा

फुनाबोरी या जपानी वस्तीत आमच्या मजल्यावर तळणाचा खमंग वास सुटला, तर भजी समजून कुणीही गोडबोलेकाकांची बेल वाजवू नये. मी वाजवली होती. काकांनी दार उघडलं, माझ्या हातावर एक गरम चेस्टनट ठेवलं आणि फर्मावलं, "आधी सोला, मग बोला!"

वरचं कवच निघालं. आतली तपकिरी साल मात्र गराला अशी चिकटलेली, की माझी दोन नखं गेली आणि गराचा भुगा झाला.

"नापास," काका म्हणाले. मी नव्हे, झाड.

काका फळझाडांचे शास्त्रज्ञ. निवृत्त झाले, तरी शहराबाहेरच्या संशोधन केंद्राने त्यांना बागेचा एक कोपरा वापरू दिलाय. चेस्टनटला चीर पाडून कडकडीत तेलात सोडायचं आणि आतली साल सुटते का ते बघायचं, ही त्यांची परीक्षा.

आता मी पडले कार्यकर्ती. अन्यायाचा वास मला भज्यांच्याही आधी येतो. दुसऱ्या दिवशी 'निसर्गाशी खेळ थांबवा!' हे स्वहस्ते लिहिलेलं पत्रक घेऊन मी हजर.

"या चळवळबाई. काय थांबवू?"

"जनुकांची छेडछाड!"

"अगं, एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावतो मी. मधमाशीला देऊन आलीस का पत्रक?"

मी उद्गारचिन्हांवर जगणारी. प्रश्नचिन्ह आलं की माझी पंचाईत होते. तरी रेटलं, "सहज सोलता येणारी जात बाजारात मिळते की! ती घ्या!"

"मिळते. पण तुझ्या काकूला डोंगरातलं बारकं, गोड चेस्टनटच लागतं, आणि त्याची साल सुटत नाही. दोघांचा संकर केला, तर पहिली पिढी सगळी नापास. साल सुटण्याचा गुण आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर नुसता दडून बसतो. म्हणून ती पोरं पुन्हा सहज सुटणाऱ्या जातीशी जुळवली. त्या नातवंडांना यंदा पहिलं फळ आलंय."

"एवढा खटाटोप? त्यापेक्षा तुम्ही सोलून द्या ना काकूंना! बायकांनीच का सोलायचं?"

"दुसऱ्याने सोललेलं मी खात नाही," आतून काकू म्हणाल्या. त्या टेबलाशी येऊन बसल्या, तेव्हा त्यांचे हात मला पहिल्यांदा नीट दिसले. "बघतेस काय? कंपवात झालाय. हात शाबूत आहेत अजून."

काकांनी शेवटच्या झाडाचं फळ तळून त्यांच्यापुढे ठेवलं. आधीच्या सगळ्या झाडांची विकेट गेली होती. काकूंचा अंगठा चिरेला लागला, घसरला. मी मदतीला सरसावले, सवयच ती. काकांनी नुसत्या डोळ्यांनी मला खाली बसवलं. अंगठा पुन्हा लागला, थरथरला, आणि साल टोपीसारखी अलगद निघून आली.

काकूंनी गर मोडून अर्धा काकांच्या तोंडात घातला. "कसं झालंय हो?"

तोंडातला गर तसाच धरून काका कढईखालचा गॅस बंद करायला गेले, आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तो बंदच करत राहिले.