एका रविवारचे चार धनी

बँकेच्या मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या साहेबांना सगळे पाठीमागे बघूसाहेब म्हणत. तोंडावर म्हणायला कोणी भीत होतं असं नाही, पण तोंडावर म्हटलं तरी ते "बघू" एवढंच म्हणाले असते, म्हणून कोणी त्या फंदात पडत नसे. त्यांचं कामच तसं होतं. बँकेने कोणाला कर्ज मंजूर केलंय पण त्याने ते अजून उचललेलं नाही, कोणासाठी बँक हमी राहिलीय, कोणी बँकेला कोर्टात खेचलंय आणि निकाल उलटा लागला तर केवढ्याला पडेल, हे सगळं ते ताळेबंदाच्या खाली बारीक अक्षरात लिहीत. आज देणं नाही पण उद्या गळ्यात पडू शकतं, अशा सगळ्या भानगडींचे ते राखणदार होते.

आता असं काम वर्षानुवर्षं केलं की माणूस बिघडतोच. बघूसाहेबांना एक गोष्ट पक्की कळून चुकली होती, की मंजूर झालेलं कर्ज उचलायला सगळे काही एकाच दिवशी येत नाहीत. बरेच जण तर येतच नाहीत. त्यामुळे तिजोरीत असेल त्याहून कितीतरी जास्त लोकांना बँक शब्द देऊ शकते, आणि कोणाचं काही अडत नाही. इथवर ठीक होतं. पण हा हिशोब ते घरी घेऊन आले आणि पैशांच्या जागी त्यांनी रविवार घातले.

येत्या रविवारची सकाळ त्यांनी चौघांना देऊन टाकली होती. वडिलांना त्यांच्या जुन्या मित्राकडे न्यायचं होतं. मेहुणा घर बदलत होता, त्याला नव्या घरात सामान चढवायला हात हवे होते. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त वकिलांचं पुस्तकांचं कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला हलवायचं होतं. आणि बायको महिनाभर पोहायला शिकत होती, तिच्या वर्गाचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी सगळ्या बायका तलावाची पूर्ण लांबी पोहून दाखवणार होत्या, आणि साहेबांनी काठावर उभं राहायचं होतं. कोर्टातल्या दाव्यांची लावतात तशी त्यांनी मनात प्रतवारीही लावून ठेवली होती. वडिलांचं मित्राशी भांडण होतं, म्हणजे शक्यता नगण्य. मेहुण्याचं घर दर महिन्याला बदलता बदलता राहायचं, म्हणजे शक्यता कमी. वकिलांचं कपाट त्यांच्या बायकोच्या मर्जीवर होतं, सांगता येत नाही. बायको राहिली, पण ती समजून घेते, हा तर बघूसाहेबांचा राखीव निधीच होता.

शुक्रवारी ऑडिटरबाई आल्या. त्यांनी सगळी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, की हे सगळे एकाच दिवशी दारात आले तर? साहेब हसून म्हणाले, असं कधी होत नसतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि चहासुद्धा न घेता गेल्या.

शनिवारी जेवताना बायकोने उद्याची आठवण केली. साहेब सवयीने म्हणाले, येतो ना, नक्की. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"जमलं तर या," ती म्हणाली. "नाही आलात तरी माझं काही म्हणणं नाही. सवय आहे मला."

ती भांडली असती तर साहेब निवांत झोपले असते. पण हे तिने इतक्या शांतपणे म्हटलं, की ते अर्ध्या ताटावरून उठले. बँकेत तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. भीती वाटायची ती तक्रार करणं सोडून दिलेल्या गिऱ्हाइकाची, कारण ते एक दिवस गुपचूप खातं बंद करून जातं. हिने आपल्याकडे काही मागणंच सोडून दिलं तर? साहेब घाबरले. चौघांपैकी तिघं तसेही येणार नाहीत, उद्या काहीही झालं तरी तलावावर जायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी बायको लवकर निघून गेली. साहेब बूट घालत होते तोच वडील बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, केस चापूनचोपून बसवलेले. मित्राने म्हणे स्वतः फोन केला होता, झालं गेलं विसर म्हणाला होता. साहेब काही बोलणार एवढ्यात खाली टेंपोचा हॉर्न वाजला. मेहुण्याला घरमालकाने दुपारपर्यंत किल्ली द्यायला सांगितली होती, म्हणून तो अख्खं घर टेंपोत भरून भावजींना न्यायला आला होता. मागोमाग जिन्यावरून वकील उतरले, बाह्या सरसावून. त्यांच्या बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, की आज कपाट तरी हलेल नाहीतर पुस्तकं रद्दीत तरी जातील.

साहेबांनी आधी तिघांना दुपारची वेळ देऊन पाहिली. वकील म्हणाले, आयुष्यभर तारखा घेतल्या, आता घेणार नाही. तोंडी दिला तरी शब्द तो शब्दच, आणि साक्षीला तुमचे वडील होते. वडील लगेच म्हणाले, होतो. मेहुणा नुसता घड्याळाकडे बघत उभा राहिला. दारात उभ्या उभ्या बँक बुडायची वेळ आली होती.

शेवटी साहेबांनी खरं काय ते सांगून टाकलं.

"मी एकच सकाळ तुम्हा सगळ्यांना दिली."

"का रे?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही कोणी येणार नाही म्हणून."

मग साहेब म्हणाले, की आज तिच्यासाठी तलावावर पोचलो नाही तर ती मला पुन्हा कधी बोलावणार नाही, तेव्हा आधी तिचं, मग तुम्ही म्हणाल त्या क्रमाने सगळ्यांचं. साहेबांच्या तोंडून इतकं स्पष्ट वाक्य घरात कोणी ऐकलं नव्हतं. तिघंही जरा वरमले. पण विश्वास म्हणाल तर कोणाचाच बसला नाही, त्यामुळे साहेबांना नजरेआड होऊ द्यायचं नाही यावर तिघांचं एकमत झालं. वडील टेंपोत पुढे बसले. साहेब, मेहुणा आणि वकील मागे, मेहुण्याच्या सोफ्यावर बसून सगळ्या रस्त्याला दर्शन देत तलावावर पोचले.

बायको उथळ पाण्यात पायरीवर बसून मैत्रिणीशी गप्पा मारत होती. तिने नवरा पाहिला. मग नवऱ्याच्या मागे सासरे, भाऊ आणि वरचे वकील पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब मात्र फुलून गेले होते. तिने त्यांना खुणेने जवळ बोलावलं.

"तुम्ही कशाला आलात?"

"तूच बोलावलंस ना."

"बोलावलं. पण तुम्ही येत नाही ना कधी!"

मग हळू आवाजात सगळं बाहेर आलं. महिनाभरात तिने ही पायरी सोडली नव्हती. तलावाचं पलीकडचं टोक तिने काठावरूनच पाहिलं होतं. घरी फुशारकी मारता मारता बरीच पुढे गेली होती, आणि आज संध्याकाळी "पोहले बाई एकदाची" असं सांगून ती विषय मिटवणार होती.

"मग मला बोलावलंस तरी कशाला?"

"बोलावलं की तुम्ही येत नाही. येऊ नका म्हटलं असतं तर संशय येऊन आला असतात."

साहेबांना खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण आधी त्यांना हसू आलं, कारण हिशोब अगदी त्यांच्याच पद्धतीचा होता आणि चोख होता. आणि मग फार वाईट वाटलं. आपण येणार नाही यावर आपली बायको इतक्या निर्धास्तपणे विसंबून होती.

"चल घरी," ते म्हणाले. "तुझं पोट दुखतंय असं सांगतो मी सगळ्यांना."

तिने पलीकडे पाहिलं. सासरे शिकवणाऱ्या बाईंना, ती आमची सून, असं कौतुकाने सांगत होते. भाऊ आत्तापासूनच टाळ्या वाजवत होता. ती उठून उभी राहिली.

"उतरते. पण तुम्ही काठाकाठाने माझ्याबरोबर चालायचं. मी हात वर केला की धरायचा."

साहेबांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्याबरोबर निघाले. ती चार हात मारायची, पाणी प्यायची आणि हात वर करायची. साहेब ओल्या फरशीवर पोटावर पडून तो हात धरायचे. श्वास मिळाला की ती पुन्हा सुटायची. बाकीच्या बायका कपडे बदलून आल्या तरी ही दोघं मध्यावरच होती. पण एकदाही असं झालं नाही की हात वर आला आणि धरायला कोणी नव्हतं. तिने पलीकडच्या शिडीला हात लावला तेव्हा सासऱ्यांनी डोळे पुसले. मेहुणा घरमालकाला विसरला होता आणि वकिलांनी कपाटाचं नावही काढलं नाही.

ती शिडीला लटकून खोकत होती. साहेब शेजारी उकिडवे बसले होते, छातीपर्यंत भिजलेले.

"पुढच्या रविवारपासून नवा वर्ग आहे का?" त्यांनी विचारलं. "मी येणार आहे."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. चेष्टा करतायत असं काही दिसेना.

"अरे देवा," ती म्हणाली. "म्हणजे आता मला खरंच शिकावं लागणार."