अप्पांचं तिसरं वर्ष

वैभवच्या इंजिनिअरिंग कॉलेजात यंदा नवीनच टूम निघाली. प्रत्येक विद्यार्थ्याने रोज सकाळी खिशात मोबाइल टाकून तासभर गावात फिरायचं, दिसेल ते मोबाइलमधल्या ॲपला बोलून सांगायचं. मग ॲप ज्याच्या त्याच्या अनुभवातून ज्याचे त्याचे धडे तयार करणार. याला पन्नास मार्क. ते गेले की वैभवचं सिव्हिलचं तिसरं वर्षच गेलं. पण सकाळी सहाला उठणं त्याच्या अगदी जिवावर यायचं.

त्याचे आजोबा ईश्वरअप्पा मात्र पहाटेच अंघोळ करून, भस्म लावून घराबाहेर पडत. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून चुडावा गावात जिथे बांधकाम चालू असेल तिथे उभं राहून गवंड्याला अक्कल शिकवणं हाच त्यांचा उद्योग होता. वैभवने पहिल्याच दिवशी मोबाइल त्यांच्या खिशात सरकवला.

"अप्पा, ह्याच्यातली बाई काई विचारली तर सांगत जा."

"सांगतो की. बोलायला काय पैसे पडायलेत?"

बाईने विचारलं, "समोर काय दिसतंय?" अप्पांनी आधी "शरणार्थी" म्हणून नमस्कार केला आणि सुरू झाले. "कालचा स्लॅब उन्हात उघडा टाकलाय बघा. पोते भिजवून हातर म्हनलं तर गवंडी हसायलाय!"

दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओलं का ठेवायचं यावर धडा आला. अप्पांनी तो कान देऊन ऐकला आणि गवंड्याला आता शास्त्राच्या आधाराने झापलं. त्यांची दुखऱ्या गुडघ्याची चाल ओळखून ॲप त्यांना दर ओट्यावर विश्रांती द्यायला लागलं. महिनाभरात कॉलेजच्या यादीत वैभवचं नाव पहिलं आलं. त्याने फुशारकीने पेढे वाटले. आणि तोंडी परीक्षेला कॉलेजच्या मंजुषा मॅडम थेट चुडाव्यात येऊन थडकल्या.

"तुझा रोजचा रस्ता दाखव," मॅडम म्हणाल्या.

वैभव मोबाइल खिशात घालून दहा पावलं चालला असेल नसेल.

"चाल अनोळखी आहे," मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला. "मोबाइल विद्यार्थ्याला परत करा."

"मॅडम, रेंज न्हाई इथं," वैभवला घाम फुटला.

"आवाजही अनोळखी आहे. चोर! चोर!" आणि मोबाइल भोंग्यासारखा बोंबलायला लागला.

बांधकामावरचा गवंडी धावत आला आणि त्याने वैभवची कॉलर धरली. "आरं, हा मोबाइल तर ईश्वरअप्पाचा हाय! घरातच चोरी करायलास व्हय?"

गलका ऐकून अप्पा आले. त्यांनी मोबाइल हातात घेऊन "काय झालं बाई?" विचारताच भोंगा बंद झाला.

"स्वागत आहे, वैभव," मोबाइल प्रेमाने म्हणाला. "गुडघा कसा आहे?"

मॅडमना सगळा उलगडा झाला. तरी त्यांनी अप्पांना पाच प्रश्न विचारलेच, आणि पाचही उत्तरं बरोबर आली. वैभवला शरमेने मान वर करवेना. त्याचे सगळे मार्क कापून मॅडमनी नव्याने महिनाभर फिरायची शिक्षा दिली. रोजच्या हजेरीवर गावातल्या जाणकाराची सही हवी, आणि जाणकार म्हणून त्यांनी अप्पांचंच नाव घातलं.

मॅडम स्टेशनकडे गेल्या तसा वैभवचा जीव भांड्यात पडला. सही घरातच होती! तो लाडात येऊन म्हणाला, "अप्पा, महिन्याच्या सह्या आजच करून टाका की. आपन काय परके हाव का?"

अप्पांनी पेन खिशाला लावलं.

"परका असतास तर केल्या असत्या. तुला लय जवळून वळखतो मी. उद्या पाचला उठायचं. आन् वही आन, मी एकदाच सांगत असतो."