आता भैरवी

यादवराव गांगुर्डेंनी सकाळपासून तीन शर्ट बदलले होते आणि तिन्ही घामाने भिजवले होते. जिल्हा परिषदेत बावीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला हा माणूस, त्याला माईकसमोर उभं करायचं खरं तर कुणाच्या मनात नव्हतं. पण ठरलेल्या निवेदकाचा घसा बसला आणि यादवरावांचं अक्षर चांगलं, म्हणून बोलणंही चांगलं असेल असं कार्यक्रम करणाऱ्या मंडळाने परस्पर ठरवून टाकलं.

कार्यक्रम होता नाशिकच्या कलावंतांचा. गाणी, नाच, नकला, पोवाडा, जादूचे प्रयोग, सगळं एकाच संध्याकाळी आणि सगळी माणसं आपल्याच गावची. एकूण नऊ कार्यक्रम. त्यातला नववा होता, ‘सौ. मोहिनी गांगुर्डे, भैरवी’. यादवरावांच्या घामाचं खरं कारण तेच होतं.

लग्नानंतर मोहिनीबाईंचं गाणं सुटलं ते अठरा वर्षं सुटलेलंच होतं. सासर, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात तंबोऱ्यावर बसलेली धूळसुद्धा कुणी झटकली नाही. चार महिन्यांपूर्वी त्या पंचवटीत गाणं शिकायला जाऊ लागल्या आणि मंडळाचे जुने पेटीवादक खंडेरावबुवा यांनी त्यांचा आवाज ऐकून शेवटची जागा त्यांना दिली. शेवटी भैरवी म्हणायला मिळणं हा मान असतो. मोहिनीबाईंनी त्या दिवशी आनंदाने डाळीत दोनदा मीठ घातलं आणि यादवराव ती डाळ मुकाट्याने जेवले.

बायकोचं गाणं आपल्या तोंडून पडणाऱ्या एखाद्या चुकीच्या शब्दाने बिघडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून नवव्या कार्यक्रमाचं निवेदन त्यांनी महिनाभर न्हाणीघरात पाठ केलं होतं.

पहिले तीन कार्यक्रम व्यवस्थित पार पडले. चौथा नकलाकाराचा होता, पण तो देवळाली कॅम्पात पॅसेंजर गाडीची वाट बघत अडकला होता. मग पडद्यामागची धावपळ सांभाळणाऱ्या दिनेशने क्रम बदलला आणि घाईघाईत एक चिठ्ठी यादवरावांच्या हातात कोंबली. चिठ्ठीत दोनच शब्द होते. ‘आता भैरवी.’

यादवरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. आत्ताच? अजून पावणेआठही वाजले नव्हते. सभागृहाची वेळ कमी केली असेल, की पाहुण्यांना लवकर जायचं असेल? विचारायला दिनेश जागेवर नव्हता आणि समोर चारशे माणसं वाट बघत होती. पाठांतर ओठांवर येऊन उभंच होतं, ते सुटलं.

“रसिकहो, सुरांचा निरोप घेण्याची वेळ जवळ आली आहे. मन तयार होत नाही, पण मैफलीला शेवट हा असतोच. आजच्या या संध्याकाळची सांगता करण्यासाठी येत आहे… भैरवी!”

स्वतःच्या बायकोचं नाव स्वतःच घेणं बरं दिसत नाही, म्हणून ते त्यांनी आधीच गाळलं होतं.

पडदा वर गेला. रंगमंचावर हिरवी नऊवारी नेसलेली, डोक्यावर टोपली घेतलेली नऊ वर्षांची मुलगी उभी होती. कॅसेट सुरू झाली आणि ती कोळीनृत्य नाचू लागली.

“दिनेश! हे काय? भैरवी कुठंय?” विंगेत परतलेल्या दिनेशला यादवरावांनी गाठलं.

“ती काय नाचतेय, काका. पल्लवीताईंची मुलगी, भैरवी!”

“मुलीचं नाव भैरवी? माझ्या यादीत नुसतं ‘कोळीनृत्य’ आहे!”

“मग काय! अहो, तुम्ही सांगता-बिंगता काय म्हणत होता?”

यादवरावांनी समोर पाहिलं. भैरवी म्हटल्यावर कुठलाही शहाणा नाशिककर जे करतो, तेच सभागृह करत होतं. मागच्या रांगांत पिशव्या गोळा होत होत्या, खुर्च्यांखाली चपला शोधल्या जात होत्या. सांगता ऐकून दारवानाने दोन्ही दारं सताड उघडली, दारं उघडलेली पाहून बाहेरच्या वडेवाल्याने पहिला घाणा तेलात सोडला आणि वड्यांचा वास आत आल्यावर पुढच्या रांगाही उठल्या. प्रमुख पाहुणे होते देवळ्याचे कांद्याचे व्यापारी भिकनशेठ. वडा दिसल्यावर त्यांनीही सत्काराची शाल खांद्यावर सारखी केली आणि चालू लागले. बिचारी भैरवी मात्र शेवटपर्यंत नाचली, तिच्यापुढे तिची आई आणि तीन मावश्या तेवढ्या बसून होत्या.

पडद्यामागे तर जास्तच पेटलं होतं. जादूगार ललित टोपीतलं कबूतर हातात धरून अंगावर आला.

“बायकोला लवकर उरकायचं होतं, असं सरळ सांगायचं ना! आम्ही काय इथं कबुतरं पाळायला आलोय?”

“अहो ललितराव, देवाशपथ…”

“मी बुवांना सांगतो.” यादवराव बुवांकडे धावले. “बुवा, पेटी उघडा, आपण पुढचं सुरू करू.”

पण खंडेरावबुवांनी पेटी आधीच गवसणीत घातली होती आणि ते तिची नाडी बांधत होते.

“भैरवी जाहीर झाली. त्यानंतर मी सूर लावत नाही. माझ्या गुरुजींची शिस्त आहे ती, पन्नास वर्षं मोडली नाही.”

“बुवा, भैरवी झालीच नाही! भैरवी नाचली!”

“लोकांनी काय ऐकलं? सांगता ऐकली. मैफल संपली, यादवराव.”

मोहिनीबाई विंगेत उभ्या होत्या. पैठणीचा पदर मुठीत आवळलेला, चेहरा पांढराफटक. यादवरावांना त्यांच्याकडे पाहवेना. अठरा वर्षं थांबली आणि मी एका शब्दात तिची माती केली, असं त्यांच्या मनात आलं आणि खरोखर डोळ्यांत पाणी आलं.

“अगं, मी मुद्दाम नाही गं…”

“कळलं मला.” त्या खंडेरावबुवांकडे वळल्या. “बुवा, मैफल संपली ना?”

“संपली.”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

“मग आता दुसरी सुरू करा. नव्या मैफलीत पेटी उघडायला तुमच्या गुरुजींची हरकत नसावी. संध्याकाळ आहे, भूप राग धरा, सूर पांढरी चार.”

बुवांनी नाडीची गाठ चाचपली. गुरुजींनी या मुद्द्यावर काही सांगून ठेवलेलं त्यांना आठवेना. मग त्यांनी गाठ सोडली.

मोहिनीबाई कुणी निवेदन करायची वाट न बघता माईकपुढे जाऊन बसल्या आणि भूप गायला लागल्या. आवाज कर्ण्यातून बाहेर वड्यांपर्यंत पोचला. आधी चार माणसं दारात आली, मग चाळीस. भिकनशेठ अर्धा वडा घेऊन डोकावले.

“हाई काय शे? परत चालू व्हयनं का?”

“दुसरी मैफल आहे, शेठ,” दिनेश म्हणाला.

“मंग पैलेच सांगानं ना भो!” म्हणत शेठ आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

मग पोवाडा झाला, कबूतर उडालं, पॅसेंजरने आलेल्या नकलाकाराने सगळ्यांना हसवलं. यादवराव प्रत्येक वेळी फक्त नाव सांगून मागे सरत होते. शेवटी पुन्हा मोहिनीबाई आल्या आणि यादवरावांनी “सौ. मोहिनी गांगुर्डे” एवढंच म्हटलं. ‘भैरवी’ हा शब्द तोंडातून काढायचं त्यांना धाडस झालं नाही.

पण भैरवी ती भैरवीच. दुसऱ्या सुरालाच सगळ्यांनी ओळखली. यादवराव भिंतीला टेकून रांगांकडे बघत राहिले. कुणी उठलं नाही. गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी कुणी उठलं नाही. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ यादवरावांच्या कानाशी आले.

“ही शेवटची नक्की ना हो? का फसून उठायचं आणि तुम्ही आत आणखी काहीतरी सुरू करायचं? मघाशी त्या पोरीचा अख्खा नाच हुकला आमचा.”

समोर मोहिनीबाई हात जोडून बसल्या होत्या आणि भरलेल्या सभागृहाकडे डोळे भरून पाहत होत्या.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या त्यांनी यादवरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

“भैरवी संपली तरी एक माणूस जागचा उठला नाही हो. बघितलंत ना?”

“बघितलं,” यादवराव म्हणाले, आणि त्यापुढे एका शब्दाचंही निवेदन केलं नाही.